कोचचा उजवा पाय

मंडळी, आज संध्याकाळपासून मला चैन नाही.

इथे आइंडहोवनला लेकीच्या फुटबॉल प्रॅक्टिसला गेले होते. तिचे कोच जपानी. तिकडे व्यावसायिक खेळाडू होते, गुडघा गेला, आता मुलींना शिकवतात. आज लक्षात आलं, बॉल आला की मैदानाबाहेर उभ्या कोचचा उजवा पाय आपोआप किक मारतो.

मी हसून म्हटलं, "सर, तुम्ही अजून खेळताय!"

ते म्हणाले, "मी सोडलं. पायाला कोणी सांगितलंच नाही."

घरी आले तर नवरा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. टीमला बग सापडत नव्हता. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते, इथे आल्यापासून घरीच. पोळी लाटता लाटता मी ओरडले, "अरे, आधी जुना डेटा पुसून बघा!"

तव्यावरची पोळी करपली.

खरं सांगा, तुमचा कुठला पाय अजून हलतोय?