ज्यांच्या पोथीत तांगा आहे

जुन्या पुस्तकांचं एक बघा. कपाटातनं शंभर पुस्तकं निघाली तर किस्से दोनशे निघतात! माझ्याकडं आता इतके साठलेत, की घरात तोंड उघडलं की बायको म्हणते, "परत पुस्तकाचंच का?" म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही तरी उठून जाऊ नका.

मी जन्मभर वीज ऑफिसात मीटरचे आकडे लिहिले. रिटायर झाल्यापासून शाहूपुरीतल्या आमच्या वाचनालयात फुकट मदतीला जातो. तिथं दोन माणसं महत्त्वाची. एक ग्रंथपाल सुलभाताई, ज्यांच्यापुढं अध्यक्षसुद्धा हळू बोलतात. दुसरे बाइंडिंगवाले दस्तगीरभाई, ज्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं शिवतात.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत शंभरेक वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या आणि धार्मिक पुस्तकं, सगळी एकात एक कोंबलेली. स्कॅनिंगला द्यायची, तर आधी दोन गठ्ठे करायचे होते. आणि तिथनं आमचा गोंधळ सुरू झाला.

*

निम्म्या पुस्तकांची पहिली पानंच गायब. कादंबरी कुठली आणि धार्मिक कुठलं, कळायचं कसं? मी डोकं चालवलं. ज्याच्यावर हळद-कुंकू, ते धार्मिक!

दुपारपर्यंत गठ्ठे तयार. धार्मिकांचा माझ्या छातीपर्यंत आला. कादंबऱ्या फक्त दोन. मला वाटलं, आपले पूर्वज भलतेच भाविक.

सुलभाताईंनी धार्मिकातलं वरचं पुस्तक उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "बॅरिस्टरसाहेबांनी तिचा थरथरता हात हाती घेतला..."

मग माझ्याकडं बघितलं. "हे धार्मिक?"

"कुंकू आहे की ओ त्याच्यावर!"

"दसऱ्याला अख्ख्या वाचनालयाची पूजा होते. तुमच्या खुर्चीवर पण कुंकू आहे. तिला पण गठ्ठ्यात घालताय का?"

सगळं परत जमिनीवर!

*

त्याच आठवड्यात उचगावच्या इंदूआक्का आल्या. वय त्र्याऐंशी. मुलानं मोटरसायकलवरनं आणलं होतं. एक डोळा गेलेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या. आक्कांना एकच गोष्ट बघायची होती. तरुणपणी ह्याच वाचनालयातनं नेऊन वाचलेल्या एका कादंबरीचा शेवट.

"नाव आठवत न्हाय. निळा कपडा हुता. मालती म्हणून पोरगी हाय. मास्तरीण व्हायला तांग्यात बसून निघालीया. मागनं भाऊ घोड्यावरनं येतोय. हाक मारतोय. मालती मागं वळून बघतीया..."

"मग?"

"मग एकदम गाईगुरं येत्यात. घरात धान्य मावंना. पोरंबाळं हुत्यात."

"कुणाला?"

"त्येच तर कळंना की! पासष्ट वर्षं झाली!"

मुलानं मला डोळ्यानं खुणावलं, की वय झालंय, मनावर घेऊ नका. आक्कांनी ते एका डोळ्यानं बरोबर टिपलं. "खुणा कुणाला करतोस रं? डोळा गेलाय, डोकं न्हाय!"

मग म्हणाल्या, "मी बी निघालेली, मास्तरीण व्हायला. एसटीत बसलेली. भाऊ स्टँडवर आला आणि मी उतरले. उतरले ते बरं केलं का चुकलं, कुणाला इचारू? म्हटलं, मालतीनं काय केलं तेवढं तरी कळूदे."

सुलभाताईंनी चष्मा पुसला आणि माझ्यावर खेकसल्या, "बसलाय काय? निळा कपडा शोधा!"

*

चार दिवस शोधलं. निळं पुस्तक शेवटी सापडलं कुठं? कपाटाच्या मोडक्या पायाखाली, विटेच्या जागी!

सुलभाताईंनी शेवट काढला. "भावाने हाक मारली. मालतीने मागे वळून पाहिले." पान उलटलं. "हा अध्याय जो नित्य पठण करील, त्याचे गृही गोधन, धान्य व संतती यांची वृद्धी होईल."

आक्का शंभर टक्के बरोबर होत्या!

शेजारी बसलेल्या दस्तगीरभाईंनी पुस्तक उलटंपालटं केलं, शिलाईवरनं बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "टाका आमच्या आजोबांचा हाय."

"म्हणजे?"

"सोळा पानांची एक घडी, तिला आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्यावर आकडा असतोय. आजोबांना मराठी वाचता यायचं न्हाई. कागदाचा आकार आणि आकडा बघून शिवायचे. कादंबरी आणि कुणाची तरी पोथी एकाच दिवशी आली असणार. आकार सेम, दोन्हींचा शेवटचा फर्मा अकरावा. घातला हिकडचा तिकडं!"

"आणि मालतीचा शेवट?"

"कुणाच्या तरी देवघरात."

"अहो, मग इतक्या वर्षांत तक्रार कशी नाही आली?"

"देवाच्या पुस्तकाची तक्रार कोण करतंय ताई?"

*

सुलभाताईंनी दारावर नोटीस लावली. "ज्यांच्या पोथीत तांगा आहे, त्यांनी वाचनालयाशी संपर्क साधावा." कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, झालं!

पहिला फोन : "पावणं, तांगा कितीला देणार?"

दुसरा फोन : "आमच्या पोथीत विमान हाय. चालतंय का?"

एक गृहस्थ तर तासभर बसून भांडले. पोथीत रथ असतो, त्याला तांगा म्हणून तुम्ही देवाचा अपमान केलाय म्हणे! त्यांना चहा पाजून घालवलं. मलाच आता कळेना, आपण शोधतोय काय.

*

आषाढात पन्हाळ्याहून श्रीपतराव आले. दारातनंच म्हणाले, "आमच्या पोथीत हाय बघा तांगा."

आम्ही तिघंही उठून उभे! "आणलीय का?"

"छ्या! देवघरातनं हालत न्हाय ती. श्रावणात उघडायची, पारायण झालं की वर्षभर लाल कपड्यात."

"अहो, पण पोथीत तांगा कसा, असं कधी वाटलं नाही?"

"त्यात काय वाटायचं? देव काय चालतच जाईल व्हय?"

सुलभाताईंनी धीर धरून विचारलं, "बरं, त्या तांग्याचं पुढं काय होतं?"

"तांगा थांबला की नारळ फोडायचा."

"आणि पुढं?"

"पुढं आरती."

"पुढची पानं हो!"

"त्याच्या म्होरं वाचायची आमच्यात पद्धत न्हाय. आजोबांपास्नं."

*

श्रावणात पारायणाच्या शेवटच्या दिवशी आक्कांना घेऊन आम्ही पन्हाळ्याला गेलो. आक्कांनी भिंग आणलं होतं. नजर आता आणखी अधू झाली होती, पायरी चढताना माझा हात धरला तो सोडला नाही.

श्रीपतराव पोथीच्या चालीवर कादंबरी वाचत होते. मालती, तिचा भाऊ, घोडा, सगळं ओवीच्या सुरात! अख्खं घर हात जोडून. "तांऽऽगा थांबलाऽऽ" झालं, फाडकन नारळ फुटला, घंटा वाजली, आरती सुरू!

आरती संपल्यावर आक्का सरळ पुढं गेल्या. "पोथी जरा माझ्याकडं द्या."

श्रीपतराव अडखळले. "म्होरं वाचायची पद्धत..."

"तुमची न्हाय. माझी हाय. पासष्ट वर्षं मी त्या तांग्यापाशी हुबी हाय. द्या!"

त्यांनी दिली. दुसरं करतात काय!

आक्का खिडकीपाशी बसल्या. भिंग डोळ्याला लावून, ओठ हलवत, एकेक ओळ वाचत गेल्या. मी मागनं वाकून बघायला गेलो, तर पानावर पदर धरला. दस्तगीरभाई दाराशी मान खाली घालून उभे होते, जसं काही त्यांनीच तो फर्मा शिवला होता.

वाचून झालं. आक्कांनी पोथी कपाळाला लावली. डोळ्यांतनं पाणी, आणि तोंडावर हसू. "बरं झालं बाई," म्हणाल्या. दस्तगीरभाईंच्या हातावर नारळाची भकल ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी जपून ठेवलं बघा."

श्रीपतरावांनी लगेच पोथी लाल कपड्यात गुंडाळली, गाठ मारली, देवघरात वर ठेवली. आता वर्षभर हात लावायचा नाही.

गाडी घाट उतरली. शेवटी सुलभाताईंना राहवेना.

"आक्का, बरं झालं म्हणजे काय? मालती गेली, का परत आली?"

आक्का खिडकीतनं बाहेर बघत होत्या. मागं न वळताच म्हणाल्या, "पासष्ट वर्षं मी थांबले. तुमी पुढच्या श्रावणापर्यंत थांबा की!"