खालाचा ताणा

दारव्ह्यात रस्ता अडवण्याचा हक्क दोघांनाच आहे, एक सरकारला आणि दुसरा आमच्या समोरच्या खालाला. त्यातलं सरकार निदान लाल फडकं तरी बांधतं. खाला काही बांधत नसे. सकाळचा चहा झाला की ती आपल्या ओट्यावर बसायची, रेशमी धाग्यांच्या ताण्याचं एक टोक कमरेच्या पट्ट्याला अडकवायची आणि दुसरं गल्लीपलीकडे, माझ्या फॉल-पिकोच्या दुकानाच्या खांबाला ठोकलेल्या आकड्यात. मग किंचित मागे रेलून ताण घ्यायची, आणि तिथून पुढे गल्ली बंद. बोटभर रुंदीची, जरीच्या काठाची फीत विणण्याची ही रीत तिच्या आईपासूनची. आईच्या काळी गल्लीतून फार तर एखादी बैलगाडी जात असेल, असं मी म्हटलं की ती मलाच दटावायची, "गल्ली पह्यलेपासून आमची हाये. गाड्या मागून आल्या."

दूधवाला, गॅसवाला, शिकवणीला निघालेल्या पोरी, सगळे ताण्यापुढे उभे राहत. हातातली नक्षी पुरी झाल्याशिवाय खाला बेचक्याची काठी घेऊन ताणा वर उचलत नसे. मोटरसायकलवाल्या एका पोरानं एकदा हॉर्नवरचा हात काढलाच नाही. खालानं मानही वर केली नाही. "वाजव बाप्पा, वाजव. वाजवल्यानं धागा लवकर भरत असन तं मीच एक भोंगा घेऊन बसते."

कोपऱ्यावरचे म्हातारे किराणावाले वारले तेव्हा तर हद्द झाली. तिरडी आली आणि ताण्यापाशी अडली. खांदेकऱ्यांपैकी कुणीतरी खेकसलं, "खाला, रस्ता दे ना!"

"देते ना. चार धागे राह्यले. ज्याले घाई असाव तो तं तुमच्या खांद्यावर चूप झोपला हाये."

चार धागे झाल्यावर तिनं काठीनं ताणा उंच धरला, म्हातारबा रेशमाखालून पुढे गेले, आणि त्या दिवशी गल्लीत सगळ्यांत मोठ्यानं रडली ती खालाच.

तिची फीत पूर्वी नवरीच्या ओढणीला लागे, देवीच्या चुनरीला लागे, पोळ्याला हौशी शेतकरी बैलाच्या कपाळावर बांधत. आता मशीनच्या लेसची बंडलं माझ्याच दुकानात टांगलेली असायची. खाला आली की त्यातलं एखादं चिमटीत धरायची, सोडायची आणि बोटं पदराला पुसायची. मोबाईल तिनं कधी घेतला नाही. "ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्यासंग कायले बोलू?" त्यामुळे तिचे फोन माझ्याकडे यायचे आणि निरोप्या मी.

पण तिचा खरा हट्ट वेगळाच होता. एकदा ताणा लावला की फीत संपेपर्यंत ती गाव सोडत नसे. अर्ध्यातून उठलं की रेशीम रुसतं आणि ज्याच्यासाठी विणलं त्याला ते लाभत नाही, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. घाटंजीला सख्ख्या भावाचा निकाह झाला तेव्हा खाला ओट्यावरच. भावानं रागारागात बिर्याणीचा डबा पाठवला, तोही तिनं कमरेचा पट्टा न सोडता संपवला, वर मीठ कमी असल्याचा निरोप धाडला. आम्ही हसलो. तिच्या या हट्टाला हसायची गल्लीला सवयच होती.

खालाला एकच मुलगी. नवरा लवकर गेलेला; या पोरीला तिनं फितीवरच वाढवलं आणि फुलसावंगीला दिली. पोरीला दिवस गेले तेव्हा खालानं बाळाच्या छठीच्या, सहाव्या दिवसाच्या, झबल्या-टोपड्यासाठी ताणा लावला. कोवळ्या पोपटी रंगाचा, केसासारख्या बारीक धाग्याचा. इतकी नाजूक फीत तिनं यापूर्वी विणली नव्हती. काम मुंगीच्या पावलानं चाललं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं ठरलेलंच होतं.

पोरीचे फोन येऊ लागले. "मौशी, अम्मीले म्हणा मले घ्याले ये. इथं जीव नाही लागत."

मी ताण्याखालून वाकून पलीकडे जायची, निरोप द्यायची. खाला म्हणायची, "तिले सांग, फीत झाली का निघतेच. थोडीशीच राह्यली."

"खाला, फीत मागून होते. आधी पोरीला आण."

"अर्ध्यातून उठू? अन् तेही लेकराच्या फितीवरून?" माझ्या तोंडून काही अभद्र निघाल्यासारखी ती माझ्याकडे पाही.

थंडीतल्या एका दुपारी जावयाचा फोन आला. कळा दिवसांआधीच सुरू झाल्या. पुसदला नेताना गाडीतच पोरगी बाळंत झाली, रक्त थांबलं नाही. जन्मलेली मुलगी जगली. आई गेली.

मी गल्ली ओलांडली. माझं तोंड पाहून खाला म्हणाली, "कोण?"

मी सांगितलं. तिच्या हातातला धोटा धाग्यांमधून अलीकडून पलीकडे गेला. बहुतेक हातानं आपणहून घातला असेल. मग ती झटकन उठायला गेली आणि पट्ट्यानं तिला मागे ओढलं. आपण बांधलेलो आहोत हे ती विसरली होती. पुन्हा उठली, पुन्हा ओढली गेली.

"सोड मले," ती म्हणाली.

मी कमरेचा पट्टा सोडला आणि तिच्या दाराच्या कडीला अडकवला. गल्लीतल्याच कुणाची तरी जीप तिला घेऊन गेली.

ताणा तसाच राहिला. त्याला हात लावायला कुणी धजेना. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन पायी येऊ लागला. तो हॉर्नवाला पोरगा गाडीवरून उतरून, वाकून, गाडी ढकलत नेई. धूळ बसू नये म्हणून कुणीतरी धाग्यांवर जुनी चादर टाकली. ती कुणाची होती, कुणी विचारलं नाही.

चाळिसावा झाल्यावर खाला आली. चादर काढून तिनं बराच वेळ पोपटी फितीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता बसेल. तिनं माझ्याकडे कात्री मागितली.

"खाला, राहू दे. थोडीशीच तर राहिली आहे."

"हेच तं मी तिले सांगून राह्यलती," ती म्हणाली.

रेशीम ताणावर होतं. कात्री लागताच दोन्ही टोकं दोन्हीकडे उडाली. कपड्यांचं गाठोडं घेऊन, घराला कुलूप लावून ती जावयाच्या घरी राहायला गेली. पोरीच्या सासरी एका रात्रीपेक्षा जास्त थांबणं जिला कमीपणाचं वाटे, ती.

मागच्या महिन्यात मी फुलसावंगीला गेले. खाला वाळली आहे. नात आता भिंत धरून उभी राहते. मी पोचले तेव्हा ती खालाच्या मांडीवर झोपली होती, म्हणून मी दबक्या आवाजात चौकशी केली.

"हळू काहून बोलून राह्यली?" खाला म्हणाली. "ते नाही उठत. मोठ्यानं बोल. घर चूप झालं का मले भेव वाटते."

मग मी बोलत बसले. तुरीचं, माझ्या बिघडलेल्या मशीनचं, सुनेच्या माहेरचं, सुचेल ते. खालाचे डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी थांबले, तर न उघडताच ती म्हणाली, "बोल ना, पोरी."

माझी परतीची जीप बाहेर येऊन उभी होती. मी ती जाऊ दिली आणि बोलत राहिले.