रिह्यातले अठ्ठ्याण्णव अंश

रिहे गावातल्या आमच्या दूध संकलन केंद्रावर माझा तरुण सहकारी रोज सकाळी दूध तपासतो. एका हातात लॅक्टोमीटर, दुसऱ्या हातात सामान्य विज्ञानाचे पुस्तक, आणि टेबलाखाली एक पाय सतत हलत असतो. भरतीची वयोमर्यादा संपत आल्याने पोलिसांची यंदाची लेखी परीक्षा त्याची शेवटची होती. दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला तो प्रश्न विचारी आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगून टाकी.

"मुंगीच्या डंखात कंचं आम्ल? फॉर्मिक. सरका पुढं, मामा."

"मुंगीचं राहू दे. माज्या म्हशीची फॅट सांग," मामा म्हणत.

परीक्षेच्या आठवडाभर आधी त्याने कॅन धुवायच्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवला. पारा अठ्ठ्याण्णववर थांबला. दुसरा थर्मामीटर लावला, तरी तेच.

"पुस्तकात तर शंभर हाय," तो मला म्हणाला.

"आपण समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर आहोत. इथे पाणी थोडं आधी उकळतं."

"मग पेपरात काय लिवू?"

"शंभर."

त्याने पुस्तकातल्या शंभरशेजारी पेन्सिलीने लिहिले, 'रिह्यात ९८'.

परीक्षेनंतर मी विचारले, तो प्रश्न आला का.

"आला. शंभरच लिवलं. डोळ्यानं बघितलेलं लिवलं असतं, तर मार्क गेला असता."

निकाल अजून लागलेला नाही. पाय हलतोच आहे. पुस्तक त्याने शेजारच्या मुलीला दिले. देताना पेन्सिलीची ओळ मात्र खोडली नाही.