दाजींच्या रेडिओतली खरखर

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला आमच्या दुकानात एका बाईंना पंखा चालवून दाखवत होतो. माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. फोन नांदेडहून, अक्काच्या शेजाऱ्यांचा. त्यांनी सांगितलं की अर्धापूरच्या बाजूला एका केळीच्या बागेत दाजी बांधावर बसले होते आणि बसल्या जागीच गेले, बागेच्या मालकानं पाहिलं तेव्हा अंग गार पडत चाललं होतं. अक्का माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. मला नीट मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून ज्या माणसाच्या घरात मी जेवलो, तो माणूस गेला म्हटल्यावर तोंडातून देवाचं नाव यावं, निदान अरेरे तरी यावं. माझ्या तोंडून आलं, "ह्या वयात तिकडं काय करून राहिले होते ते?" आणि तेही चिडून. बाईंना पंखा पसंत पडला होता, त्या तो बांधून द्या म्हणत होत्या... दुसऱ्या दिवशी माती झाली. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. बसून गेलेल्या दाजींना बसवूनच निरोप दिला, आणि मी मनात अजून तोच प्रश्न घेऊन उभा होतो, की घरदार सोडून हे केळीच्या बागेत कशाला गेले.

दाजी नांदेडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होते. किनवट गाडी कुठं लागली, धर्माबाद गाडीला किती उशीर, हे दिवसभर माईकवर सांगायचं. ते सांगून गप्प बसेपर्यंत खिडकीशी कुणीतरी तेच विचारायला उभा असायचाच. दाजींना त्याचा राग नव्हता. "दिवसभर मी बोलतो, कुणी ऐकत न्हाई. संध्याकाळी मी ऐकतो," असं ते हसून म्हणायचे. ऐकायचे म्हणजे रेडिओ ऐकायचे, पण तुम्हीआम्ही ऐकायचो तसा नव्हे. गाणी, बातम्या, शेतीचा कार्यक्रम ह्यात त्यांना काडीचा रस नव्हता. मिडियम वेव्हवर परदेशातलं एखादं स्टेशन, आपल्यासाठी नसलेलं, चुकून आपल्यापर्यंत आलेलं, ते धरायचं. थायलंड, चीन, इराण, आखातातलं कुठलं तरी. भाषा कळायची नाही आणि कळायची गरजही नव्हती.

आयटीआयला वायरमनच्या कोर्सला माझा नंबर नांदेडला लागला, म्हणून मी अक्काकडे राहायला गेलो. तेव्हा मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला. दाजींनी मोडक्या कॅरमच्या चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून एरियल केलं होतं. त्याच्याशेजारी रेडिओ ठेवून तो हळूच एवढा एवढा फिरवायचे. जवळचं दांडगं स्टेशन तसं फिरवल्यावर बारीक व्हायचं आणि त्याच्या मागून कुणीतरी दुसरंच बोलायला लागायचं. ते मला समजावून सांगायचे की जिथं अंधार आधी पडतो तिथलं आधी येतं, म्हणून दिवेलागणीला पूर्वेकडचं धरायचं आणि पहाटे पश्चिमेकडचं. आणि नियम एकच. स्टेशननं स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय धरलं म्हणायचं नाही. त्या न कळणाऱ्या बोलण्यात गावाचं, देशाचं नाव तेवढं कानावर पडतं, त्यासाठी वाट बघायची. कधी आवाज इतका बारीक व्हायचा की मला वाटायचं, संपलं. दाजी बोट वर करायचे, म्हणजे थांब. मी थांबायचो. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा, पण दाजींच्या तोंडाकडे बघायला मजा वाटायची.

त्या काळात नांदेडला लाईट सारखी जायची. लाईट गेली की अख्खी गल्ली शिव्या घालायची, आणि दाजी तेवढे जेवत्या ताटावरून उठून रेडिओ काखेत मारून गच्चीकडे पळायचे. विजेची कुठलीही वस्तू चालू असली की मिडियम वेव्हवर खरखर येते. सगळं गाव बंद झालं की आभाळ कसं स्वच्छ होतं, म्हणायचे. अक्का खालून ओरडायची की ताट गार होऊन राहिलंय, त्या चिन्यांनाच सांगा जेवायला घालायला. एकदा असंच आम्ही दोघं गच्चीवर, एक बाई कुठल्याशा भाषेत लई लांबून बोलत होती, आणि आता नाव येणार अशी तिच्या आवाजाची ढब झाली होती. दाजींनी माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात लाईट आली. गल्लीतली पोरं एका सुरात ओरडली, आली, आली! दाजी एकटेच म्हणाले, "गेली." मी हसून हसून बेजार झालो. तेही हसले. पण हसायच्या आधी त्यांचं तोंड कसं पडलं होतं, ते मला आता आठवतं. तेव्हा ते दिसलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

पुढं मी लातूरला दुकान टाकलं, दाजी रिटायर झाले. अक्काला साखरेचा त्रास सुरू झाला, नजर अधू झाली. एकदा लाईट गेलेली असताना ती जिन्यात पाय चुकून पडली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टरमधला हात बघून मला राहवेना. ज्या घरानं मला पोसलं त्या घरात माझी बहीण अंधारात पडावी, आणि मी कोण, तर विजेच्या सामानाचा व्यापारी! पुढच्याच रविवारी मी इन्व्हर्टर घेऊन गेलो, स्वतःच्या हातानं बसवला, सगळे जुने दिवे काढून एलईडी लावले. जिन्यात, न्हाणीत, गच्चीवरसुद्धा. अक्काचा चेहरा उजळला. दाजींनी इन्व्हर्टरच्या पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लई चांगलं काम केलंस, शिवराज." त्यांनी एवढ्यावर थांबावं की नाही? आमच्या मेव्हण्याचं दुकान आहे म्हणून त्यांनी गल्लीभर सांगितलं. बघता बघता अर्ध्या गल्लीत माझेच इन्व्हर्टर आणि माझेच दिवे लागले. मी प्रत्येक घरी जाऊन बसवून आलो. वायरमनचा कोर्स केलेला, खरखर कशानं येते हे त्याच माणसाच्या शेजारी बसून शिकलेला मी. एकदासुद्धा, एका घरातसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, की आता गल्लीत लाईट जाणारच नाही, मग दाजी ऐकणार कधी?

आमची शेवटची भेट त्यांच्याच गच्चीवर झाली. ते खुर्चीत बसले होते, मांडीवर रेडिओ, आणि त्यातून नुसती घरघर. मी म्हणालो, दाजी, ह्याचं आयुष्य संपलं, आता हा भंगारात द्या. मग शहाणपणा करून त्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात जगातलं वाटेल ते स्टेशन येतं. थायलंड लावलं, घंटेसारखं खणखणीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, की आता खूश होतील. त्यांनी बराच वेळ ऐकलं, मला वाईट वाटू नये इतका वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "येतंय की छान. पण ह्ये मी धरलेलं न्हाई ना." मला राग आला. ह्या माणसाला कशाचंच कौतुक नाही, असं गाडी चालवताना लातूरपर्यंत मनात म्हणत आलो.

शिवगणाराधनेचं जेवण झालं, पाहुणे पांगले, तेव्हा घरात अक्का आणि मी दोघंच उरलो. बागेच्या मालकानं आणून दिलेली दाजींची कापडी पिशवी खुंटीला तशीच होती. मी तिच्यातून रेडिओ काढून लावला. घर्रर्र... मी म्हणालो, "अक्का, पडल्यानं खराब झालेला दिसतोय."

"रेडिओ नीट हाय," अक्का म्हणाली. "तुझ्या पेटीनं होतंय ते."

मला आधी कळेचना. मग मी उठून मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद केला. खरखर थोडी कमी झाली, पण गेली नाही. शेजारच्यांच्या भिंतीपलीकडून येतच होती. येणारच, तिथंही मीच बसवलेला. अंधारात बसून अक्का सांगत गेली. दाजींना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. त्यांनी आमची पेटी बंद करून पाहिली, पण मग तिला दिसेना. नंतर गल्लीत सगळीकडेच झालं, तेव्हा बंद करूनही उपयोग राहिला नाही. मग ते पाय मोकळे करायला म्हणून पिशवी घेऊन जायला लागले. आधी नदीकाठी, तिथंही दिवे आले तेव्हा अर्धापूरच्या गाडीनं लांब. थंडीच्या दिवसांत उशिरा परत यायचे, छातीला हात लावून बसायचे. ती जाऊ नका म्हणायची.

"मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हणले, शिवानं हौसेनं बसवलंय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं."

माणसाला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गच्चीवर जाऊन लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी मी ती केळीची बाग शोधत गेलो. मालक भला माणूस होता. त्यानं जागा दाखवली. दाजी दुपारच्या गाडीनं यायचे, पहिल्यांदा आले तेव्हा विचारलं होतं की इथं लाईट कधी जाते? मालकाला नवल वाटलं, कारण लाईट कधी येते हे सगळेच विचारतात. संध्याकाळी शेतातली मोटार बंद असते, जवळपास घर नाही, हे ऐकून म्हातारा खुलला म्हणे. मग तिथंच येऊन बसायचा. मालक कधी चहा द्यायचा, कधी केळी. "त्या दिवशी मी गेलो तर रेडिओ चालू होता," तो म्हणाला. "कोणतरी परक्या भाषेत बोलून राहिलं होतं, पार कानाशी बोलल्यावानी स्वच्छ. मला आधी वाटलं, ऐकत ऐकत झोप लागली."

मी विचारलं, नाव सांगितलं होतं का? तो म्हणाला, कुणाचं नाव? मी म्हणालो, स्टेशनचं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुःखानं ह्याचं डोकं फिरलंय. तो काय सांगणार? त्यानं बटण दाबून रेडिओ बंद केला आणि लोकांना हाका मारल्या, बरोबरच केलं. डॉक्टरही म्हणाले की हृदय कमजोर होतं, घरी असते तरी हे व्हायचंच होतं. मी ते ऐकून घेतलं. पण घरी असते तर अक्का जवळ असती. घरी असते तर, निदान, त्यांना इतक्या लांब मी घालवलं नसतं...

लातूरला निघायच्या आधी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन इन्व्हर्टर उतरवायला बसलो. डोळ्यांसमोर ती पेटी नको झाली होती. अक्का चाचपडत आली आणि पेटीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "काढू नको. तू दिली तवा तुझी होती. त्यांनी माझ्यासाठी ठिवली, आता ती त्यांची हाय." मी स्क्रू परत आवळले. एवढंसं प्रायश्चित्तसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही, आणि तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

आता दुकानात कुणी इन्व्हर्टर मागितला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, घरात कुणी रेडिओ ऐकतं का? लोक हसतात. आता कोण ऐकतंय, म्हणतात. परवा निलंग्याकडचे एक म्हातारे काका आले, सुनेनं इन्व्हर्टर आणायला पाठवलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हाव, मी ऐकतो की. संध्याकाळी लांबची स्टेशनं लावतो." माझा हात बिलावरच थांबला. मी त्यांना बसवून घेतलं, चहा सांगितला, कुठली खरखर कशानं येते ते सगळं बैजवार सांगितलं. काकांनी चहा संपवला. मग म्हणाले, सून पोटुशी आहे, तिला अंधारात त्रास होतो, पेटी तर न्यावीच लागेल. आणि माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, "मग रेडिओ घेऊन मी कुठं जाऊन बसू, मालक?"

"कुठंच जाऊ नका," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "घरातच बसा, काका. सुनेला सांगा, ह्या पेटीनं मला ऐकू येत न्हाई म्हणून. संध्याकाळी घडीभर बंद ठेव म्हणा. तिला वाईट वाटलं तर वाटू द्या, पण तोंड उघडून सांगा."