बंद दिसणारा पोर्ट

अंधेरीच्या त्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळायचे. टीम लीड माझ्याच वयाचा होता, राहायला कांदिवलीला. घरून काम करता यावं म्हणून त्याने मला डेटाबेसच्या कंटेनरचा, म्हणजे सर्व्हरवरच्या ज्या बंदिस्त कप्प्यात तो चालायचा त्याचा, पोर्ट इंटरनेटवर उघडायला लावला. पोर्ट म्हणजे आत यायचं दारच.

"फायरवॉलमध्ये बंद केला तरी उपयोग नाही," मी म्हणाले. "कंटेनरचं सॉफ्टवेअर स्वतःचे नियम फायरवॉलच्या आधी घुसवतं. आपल्याला बंद दिसेल, जगाला उघडा."

"माहितीये गं. थोडे दिवस राहू दे."

त्या थोड्या दिवसांतच कोणीतरी आत शिरून सगळा डेटा पुसून टाकला. क्लायंटसमोर तो शांतपणे म्हणाला, "पोर्ट हिने उघडला. मला विचारलंसुद्धा नाही." माझी नोकरी गेली. वाकोल्यात घरी आई शेजारणींना सांगत राहिली, पोरीनेच सोडली म्हणून.

पुढे मुलुंडला नोकरी लागली. बाहेरच्या कंपनीला काम देण्याआधी, तिच्या परवानगीने, तिचे सर्व्हर तपासायचे हे माझं काम. एकदा एक प्रस्ताव आला, त्याखाली त्याच टीम लीडची सही. आता त्याची स्वतःची कंपनी होती. मी तपासलं, तर डेटाबेसचा पोर्ट उघडा. असं काही सापडलं की आम्ही आधी त्या कंपनीला मेल करतो. मी मेल लिहिला आणि न पाठवता तसाच ठेवून दिला.

मीटिंगमध्ये मला बघून तो हसला. "अरे, तू इथे?"

"डेटाबेस बाहेरून दिसतो का?" मी विचारलं.

"शक्यच नाही. फायरवॉलमध्ये बंद आहे."

मी लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला. आमच्या ऑफिसातूनच हाक मारली आणि सगळ्यांसमोर त्याच्या डेटाबेसने उत्तर दिलं.

"आमच्या एका माणसाने केलं असेल," तो म्हणाला.

"त्याचा नंबर दे. आत्ताच विचारू या."

माझ्या साहेबांनी प्रस्ताव मिटून बाजूला सारला. मी त्याच्याकडे बघत होते, पोटभर.

लिफ्टपाशी तो म्हणाला, "आधी फोन करून सांगायचं ना यार."

"मग तुझं तोंड कसं बघायला मिळालं असतं?"

जागेवर येऊन मी तो मेल पाठवला. पोर्ट फक्त त्या मशीनपुरता कसा ठेवायचा, तेही लिहिलं. त्याच्या गिऱ्हाइकांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. संध्याकाळी पोर्ट बंद झालेला दिसला. काम दुसऱ्या कंपनीला गेलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.