सगळ्या खोल्यांत एकच आवाज

कारण नसताना कुणी मिठाईचा डबा आणला की मागून बदलीची ऑर्डर येते, हे मी नोकरीत शिकले. केंद्र सरकारच्या एका सेक्शनमध्ये माझी उभी हयात गेली. डब्याकडे बघायच्या आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, ही सवय तिथलीच. म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, तुझ्या घरात मस्त सिस्टीम बसवून देतो, सगळ्या खोल्यांत गाणी, सगळ्या खोल्यांत स्क्रीन," तेव्हा मी आधी त्याचं तोंड बघितलं. तो बुटाची लेस सोडत होता. वर बघेचना. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी द्वारकेत राहते, सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये. यजमान गेल्यापासून एकटीच. मुलगी लग्न होऊन पुण्यात, मुलगा आणि सून गुरुग्रामला. त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट वर जाते तेव्हा माझे कान बंद होतात. गाडीने अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण इथून तिथे जाताना जगच बदलतं. माझा फ्लॅट जुना आहे, लहान आहे, पण माझा आहे. नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो, तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी यजमान म्हणायचे, "अगं, सोडताना भोक दिसेल." इथे आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात कारण नसताना चार खिळे ठोकले होते.

आणि हाच मुलगा मला या घरातून उचलून त्याच्याकडे नेणार, अशी माझी पक्की खात्री होती.

हिवाळ्यात मी बाथरूममध्ये घसरले. फार काही नाही, मनगट दुखावलं. पण तेव्हापासून त्याचे फोन वाढले. "आई, काय करतेस? आई, जेवलीस का? आई, एकटी कंटाळत नाहीस ना?" एकटी हा शब्द तो फार जपून उच्चारायचा, गरम भांडं फडक्यात धरावं तसा. मला कळत होतं हे कुठे चाललंय ते. मी काय कच्च्या गुरूची चेली नाही. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं: "माझं घर आहे, मी इथेच बरी." कांदा चिरताना ते म्हणून बघायचे. कधी रागाने, कधी हसत. कधी नुसतं शांतपणे, तेच जास्त लागतं म्हणून.

तेव्हा ही सिस्टीम म्हणजे काय, ते मी ओळखलं. हॉलमध्ये मोठा टीव्ही, झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात छोटे स्क्रीन, आणि प्रत्येक खोलीच्या छतात गोल स्पीकर. बाल्कनीतसुद्धा. प्रत्येक स्क्रीनच्या डोक्यावर काळा टिकलीएवढा डोळा. म्हणजे गुरुग्रामला बसून हा बघणार, आई कधी उठली, कधी धडपडली, गॅसवर दूध ठेवून कधी विसरली. सगळं जमा करणार आणि एक दिवस पुढ्यात टाकणार: बघ आई, तुला एकटीला जमत नाही. भिंतींना कान असतात हे ऐकून होते, आता त्यांना डोळे आणि तोंडही येणार होतं.

"मला गाणी ऐकायला रेडिओ पुरतो," मी म्हटलं.

"अगं, बघ तर एकदा. आवडलं नाही तर काढून टाकू."

काढून टाकू म्हणणारा माणूस छताला भोकं पाडत नाही.

पुढचं सांगायच्या आधी आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर गंमत कळायची नाही. गंमत म्हणायची आपली एक पद्धत. दिल्लीत आमच्यासारख्यांना मराठी म्हणजे दाराला कडी होती. बाजारात दुकानदारासमोर उभं राहून खुशाल बोलायचं, "हा फसवतोय, चल पुढे." डॉक्टरांसमोर, शेजाऱ्यांसमोर, रिक्षात. तोंडावर हसू ठेवायचं आणि मराठीत मनातलं ओतायचं. मुलं लहान असताना मीच त्यांना शिकवलं होतं, बाहेर काही खाजगी सांगायचं असेल तर कानात कुजबुजू नका, वाईट दिसतं. सरळ मराठीत बोला. एकदाच मी तोंडघशी पडले. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसात जेवायला गेलो होतो. रांगेत पुढे एक बाई. मी सवयीने मुलीला म्हटलं, "साडी बघ, पडद्याचं कापड वाटतंय." बाई वळल्या आणि म्हणाल्या, "पडद्याचंच आहे हो, घरी उरलं होतं." तिथे सगळेच आपले, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही! मुलगा तेव्हा शाळेत होता. आठवडाभर पडद्याकडे बोट दाखवून हसायचा.

तर, मेकॅनिक आला. उत्तमनगरचा, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा असेल, कानात सतत काहीतरी घातलेलं. आल्या आल्या विचारतो, "आंटीजी, आप सोती कहाँ हैं?"

"आपको क्या करना है?" मी म्हटलं.

बिचारा गडबडला. स्पीकर उशाकडे हवा की पायथ्याकडे, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण मी त्याच्या मागे मागे फिरत राहिले. तो वायर ओढायचा, मी वायर कुठे जाते ते बघायचे. ड्रिलने घरभर पांढरी भुकटी. मध्येच मुलाचा फोन यायचा, आणि तो बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलायचा. "जी सर. जी, समझ गया सर." मला बघितलं की गप्प. झालं! माझा संशय होता तो दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी काम संपत आलं. मेकॅनिक मुलाला फोनवर सांगत होता ते मी ऐकलं, की दुपारी लाइन जोडून सगळ्या खोल्या तपासणार. म्हटलं, आता हे दोघं माझ्या पाठीमागे काय बोलतात ते ऐकायचंच. मेकॅनिक बाल्कनीत शिडीवर होता. मी मोठ्याने म्हटलं, "भैया, मैं नीचे जा रही हूँ, धूल बहुत है." चपला घातल्या, दार उघडलं, दाणकन लावलं, आणि चपला हातात घेऊन मागच्या, स्क्रीन नसलेल्या खोलीत येऊन बसले. दार लोटून घेतलं. पलंगावर बसून मला जरा हसूही आलं. या वयात लपाछपी!

थोड्या वेळाने डोक्यावरच्या स्पीकरमधून सतार सुरू झाली. मग तीच सतार स्वयंपाकघरातून, हॉलमधून, बाल्कनीतून. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घर भरल्यासारखं झालं. यजमान असते तर टाळ्या पिटल्या असत्या.

मग सतार बंद झाली आणि मुलाचा आवाज आला. सगळ्या खोल्यांत एकदम.

"हां भैया, आ रही है आवाज?"

"आ रही है सर. आप लाइन चालू रखिए, मैं एक-एक कमरा देख लेता हूँ."

"मम्मी कहाँ हैं?"

"नीचे गई हैं जी."

"अच्छा. ठीक है, मैं यहीं बैठा हूँ."

मी कान टवकारले. आता काय शिजतंय ते कळणार. पण हिंदीत काहीच झालं नाही. त्याच्याकडे दुसरा फोन वाजला आणि तो म्हणाला, "हां ताई, बोल. नाही नाही, बोल ना. आई खाली गेलीये. इथे फक्त मेकॅनिक आहे, त्याला मराठी कुठे कळतंय."

मुलीचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. त्याचंच येत होतं, डोक्यावरून.

"नाही यार ताई, तिला इकडे आणायचा प्रश्नच नाही. म्हणून तर हे सगळं बसवतोय. रोज दिसेल, रोज बोलता येईल, पडली-बिडली तर लगेच कळेल. बास, एवढं झालं की आणायची गरजच नाही."

मग म्हणाला, "तू नेतेस का पुण्याला? नेतेस? बघ, तूही गप्प झालीस."

मी पलंगाची कड धरली.

"अगं, आई वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. माझी आई आहे ती. पण दूधवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत तिला सगळ्यांत काळंबेरं दिसतं. माझ्या बायकोचा फोन वाजला तरी तिला वाटणार, आपल्याबद्दलच बोलतायत. त्या खेपेला आई चार दिवस आली होती, तर ही बिचारी स्वतःच्या घरात पाय न वाजवता चालायची. मला दोघींच्या मध्ये नाही उभं राहायचं ताई. ती तिथे सुखात आहे. राहू दे."

स्वयंपाकघरातून, हॉलमधून, बाल्कनीतून, सगळीकडून तेच: राहू दे.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं झालं होतं. मला जे हवं होतं ते न भांडता मिळालं होतं. मला इथून कुणी हलवणार नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण मला तोंडाला पदर लावावा लागला. इतके महिने मी कांद्याला, कोथिंबिरीला, भिंतीला 'नाही' म्हणून सांगत होते, पण मला विचारलं कुणी होतं? आठवून आठवून बघितलं. "एकटी कंटाळत नाहीस ना" म्हणाला होता. "काळजी घे" म्हणाला होता. "चल" असं एकदाही म्हणाला नव्हता.

तेवढ्यात मेकॅनिकने दार ढकललं. "अरे आंटीजी! आप तो यहीं हैं!"

त्याचा आवाज मोठा. हॉलमधल्या स्क्रीनपर्यंत नक्की गेला असणार, कारण घरभर चाललेलं बोलणं मध्येच तुटलं. मी उठले, चपला खाली ठेवल्या, घातल्या आणि हॉलमध्ये गेले. मोठ्या टीव्हीवर माझा मुलगा, भिंतीएवढा. मोबाइल अजून कानाला. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याच्या तोंडावरचं सगळं दिसत होतं.

"आई," तो म्हणाला. "तू खाली गेली नव्हतीस?"

मी त्याच्याशी हिंदीत बोलले. जन्मात कधी बोलले नव्हते. "आवाज बिल्कुल साफ है, बेटा. सब कमरों में आ रही है."

मेकॅनिक खूश झाला. त्याने अंगठा वर केला.

रविवारी मुलगा आला, एकटाच. मी थालीपीठं केली होती. त्या दुपारचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. स्क्रीन चालू आहेत का ते त्याने उगाच बघितलं, एका स्पीकरचा आवाज कमी केला, परत वाढवला. दुसरं थालीपीठ मोडताना ताटाकडे बघत म्हणाला, "आई, चल ना आमच्याकडे. राहायलाच चल."

अखेर विचारलं. आणि आता तो मनापासून विचारतोय, की मी ऐकलं म्हणून विचारतोय, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. आयुष्यभर मी लोकांची तोंडं वाचत आले, आणि जे वाचायला हवं होतं ते आता वाचता येणार नव्हतं.

"माझं घर आहे," मी म्हटलं, "मी इथेच बरी."

चांगलं जमलं. रागाने नाही, हसत नाही, शांतपणे. आणि त्याच्या तोंडावर वाईट वाटलेलं दिसतंय की सुटल्यासारखं, ते बघायच्या आत मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले.