झेंडा गेल्यावरचा दगड

गजाननचा डावा डोळा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ज्याने तो घालवला त्याचं नाव कुणी काढलं की माझं डोकं अजून सणकतं. श्रीधर. गजाननचा साडू, म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जाम नदीच्या पलीकडे सावरगावात त्याचं किराणा दुकान होतं. त्या गल्ल्यावर बसून तो साऱ्या जगाला शहाणपण शिकवायचा आणि शेरभर डाळीत दोन मुठी खडे खपवायचा.

गजानन आणि मी पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बरोबरच लागलो. तो फिटर, मी स्टोअरला. रविवारी त्याच्या अंगणात आसपासच्या लोकांच्या मोटारसायकली यायच्या. तो खोलायचा, मी पाने द्यायचो आणि गाडीच्या मालकांना टोमणे मारायचो. माणूस तसा अबोल, पण हसरा. निदान त्र्याऐंशी सालापर्यंत तरी हसरा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचा झेंडा रोवलेला. आम्ही पांढुर्णेवाल्यांनी तो काढायला धावायचं आणि सावरगावने आम्हाला दगडांनी अडवायचं. दोन्ही काठांनी एकमेकांना मुली दिलेल्या, त्यामुळे दगड मारणारा आणि खाणारा पुष्कळदा सोयरेच निघतात. म्हणून एक रीत आहे. झेंडा उभा आहे तोवर लागलेल्या दगडाचं वैर धरायचं नाही; डोकं फुटलं तरी संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी चहा प्यायचा. पण झेंडा निघाला आणि चंडीमातेच्या देवळाकडे चालू लागला की हातातला दगड खाली टाकायचा. त्यानंतर जो मारेल त्याचं ते स्वतःचं वैर. हे दोन्ही काठांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्या साली झेंडा आम्ही काढला. मी तो खांद्यावर घेऊन पुढे होतो, गजानन मागून येत होता. पाण्यातून वर चढल्यावर त्याने पलीकडे वळून श्रीधरला गमछा हलवून दाखवला. साडूची थट्टा, दुसरं काय. श्रीधर खाली वाकला, उठला, आणि दगड थेट गजाननच्या डोळ्यावर आला. मी पाठमोरा होतो; हे मला गजाननने नंतर सांगितलं. बाकीचे देवीचा जयजयकार करण्यात गुंतले होते. तो दगड कधी सुटला हे पाहणारा एकच माणूस होता, आणि ज्या डोळ्याने त्याने पाहिलं तोच फुटला होता.

दुसऱ्या दिवशी श्रीधर हळद आणि नारळ घेऊन हजर. "गजाननभाऊ, झेंड्याच्या आधीचा दगड होता. जत्रेत होऊन जाते," असं त्याने चारचौघांत सांगितलं, वर डोळेही पुसले. गजाननने नारळ घेतला नाही. तेवढ्यावरून गावाने त्यालाच आडमुठा ठरवलं. सौंसरहून त्याचे सासरे रघुनाथराव आले आणि थोरल्या जावयाने मन मोठं ठेवावं असा उपदेश करून गेले. जिनिंगने त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवलं. पट्ट्यांजवळ एका डोळ्याचा माणूस नको, हे म्हणणं बरोबरच होतं. पण फिटरचा हात रिकामा बसलेला पाहून मला रोज आत जाताना श्रीधरची आठवण व्हायची, आणि ती आठवण चांगली नसायची.

पुढच्या दोन्ही गोटमारींत गजाननने फक्त श्रीधरवर नेम धरला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. त्याचे दगड पाण्यात पडायचे आणि श्रीधर पलीकडून हसायचा. "मले त्यानं एकदा म्हणावं, झेंडा गेल्यावर मारला म्हून," एवढंच गजानन मला म्हणायचा. त्याला दुसरं काही नको होतं. मला मात्र पुष्कळ काही हवं होतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात श्रीधरची राजदूत बिघडली. गाडी रघुनाथरावांची, जुनी. लग्नात त्याला दिलेली. तिचं हँडल सरळ असलं की मध्येच खाचेत अडकायचं आणि वळवायला गेलं की हिसका देऊन सुटायचं. आत बेअरिंगचे छर्रे ज्या वाट्यांमधून फिरतात त्या वाट्याच खड्डे पडून खराब झालेल्या. मीनाला, म्हणजे श्रीधरच्या बायकोला, बाळाला घेऊन जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचं होतं. रघुनाथरावांनी नागपूरहून वाट्या आणि छर्रे आणले आणि फर्मान काढलं की काम गजाननच करेल. त्यांचा हिशेब असा की हाताला हात लागला की मनंही जुळतील. श्रीधरला नाही म्हणता येईना. साडूच्या हाती गाडी द्यायला तो भितो असं झालं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

गाडी अंगणात आली. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावला, पुढचं चाक काढलं, हँडल काढलं. वरचा नट सोडून गजाननने पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, हलकेच खाली ओढला, तसे गंजलेले छर्रे परातीत टणटण पडले. त्याने मला जुन्या वाटीत बोट फिरवायला लावलं. प्रत्येक छर्‍याने आपली जागा कोरून ठेवली होती.

नव्या वाट्या बसवणं जोखमीचं. वाटी तिरपी गेली की संपलं, आणि ती तिरपी आहे की नाही हे गजाननला दिसत नव्हतं. म्हणून मी डोळा लावून सांगायचो, "उजवीकून उचलली हाय," आणि तो लाकडावर हातोडी मारायचा. दोनदा हातोडी त्याच्याच अंगठ्यावर बसली. पूर्वी हा माणूस गप्पा मारत, बघायची गरज नसल्यासारखा ठोकायचा. अंगठा तोंडात धरून बसलेला गजानन पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी म्हणालो, "गजा, खालचे अर्धे छर्रे सोडून दे बे. वरून ग्रीस भर. कोणाच्या बापाले कळनार नाही. घाटात त्याचा त्यानंच पडन."

तो वाटीत ग्रीस भरत होता. त्यात एकेक छर्रा बोटाने दाबून चिकटवत होता.

"मागं मीना बसन," तो म्हणाला.

"मंग तिले नको बसू देऊ."

"मले त्याचा जीव नाही पाह्यजे, रवी. मले ते बोलणं पाह्यजे."

मला त्याचा राग आला. तीन वर्षं जळत राहिलेला माणूस, हातात दुश्मनाची गाडी, आणि हा तिला नव्या नवरीसारखी सजवत होता. नट आवळून त्याने पुढचं चाक उचललं. हँडल डावीकडे सोडलं तर आपसूक डावीकडे गेलं, उजवीकडे सोडलं तर उजवीकडे. कुठे अडकणं नाही, कुठे खडखड नाही. इतकं चांगलं काम मी त्याच्याकडूनही आधी पाहिलं नव्हतं, आणि ते श्रीधरच्या वाट्याला जावं याची मला चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. रघुनाथराव खाटेवर चहा पीत समाधानाने बसले होते. गजाननची बायको जयश्री बहिणीच्या बाळाला काजळ लावत होती. श्रीधर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि गाडीभोवती फिरला.

"झाली काय, गजाननभाऊ?"

"झाली." गजाननने चिंधीने हात पुसले. "श्रीधर, एक विचारतो. तो दगड झेंड्याच्या आधीचा होता ना?"

रघुनाथरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. श्रीधर हसला. "कितीकदा सांगू? आधीचाच होता."

"मंग आपलं वैर नाही," गजानन शांतपणे म्हणाला. "वैर नाही त मी तुह्या गाडीत काई करीन कायले? बस. मीनाले बसव, लेकराले बसव, अन् जा दर्शनाले."

श्रीधरने किक मारली, गाडी सुरू झाली, तो बसला. मीनाने बाळाला कडेवर घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक पाय फुटरेस्टवर ठेवला. श्रीधर हँडलच्या मधल्या नटाकडे पाहत होता. मग त्याने गजाननच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याला वाचण्यासारखं काही नव्हतं.

"उतर," तो मीनाला म्हणाला.

"काऊन?"

"उतर म्हणतो ना."

ती उतरली. तोही उतरला. गाडी बंद केली.

"जिजाजीनं बनवली ना गाडी," मीना म्हणाली. "तुमचं त्याइच्याशी वैर नाही ना. मंग काऊन उतरवलं मले?"

रघुनाथरावांनी कप खाली ठेवला. तीन वर्षं ज्या जावयाला ते आडमुठा म्हणत होते त्याच्याकडे त्यांनी पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि नंतर कुणाकडेच पाहिलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी श्रीधरला बाजूला सारून गाडीवर बसलो, गल्लीतून सुसाट निघालो, नदीचा पूल गाठला आणि परत येताना गल्लीच्या तोंडापासून अंगणापर्यंत दोन्ही हात सोडून आलो. हँडल तसूभर हललं नाही. गाडी त्याच्यापुढे उभी केली आणि म्हणालो, "घे, शेठ. बस आता."

पण आता तो बसला काय आणि न बसला काय, सारखंच होतं. मीनाला उतरवलं तेव्हाच कबुली झाली होती, हे सगळ्यांना कळलं होतं आणि त्यालाही. त्याने हँडल धरलं आणि गाडी ढकलत गल्लीतून निघाला. मीना त्याच्यामागे गेली नाही. ती उंबऱ्यावर बहिणीजवळ जाऊन बसली, बाळ पदराखाली घेऊन, आणि नवरा दिसेनासा होईपर्यंत त्या पाठीकडे बघत राहिली.

गजानन न्हाणीपाशी पाठमोरा बसून रॉकेलने हाताचं ग्रीस काढत होता. त्याने मान वळवली नाही.

"गेला काय?"

"गेला. ढकलत."

"पुलावर गर्दी हाय काय बे?"

"बाजार हाय आज. दोन्ही गावचे लोक हायेत. गाडी काऊन ढकलतो, विचारतीनच."

त्याने नखांतलं ग्रीस नीट कोरून काढलं, हात धुतले, मग गमछ्याला पुसले.

"बरं झालं," तो म्हणाला. "जाऊ दे त्याले सावकाश."